‘बाहेरचं’ म्हणतात, ते आतलं असतं

सातारा-सांगलीकडे मनाच्या दुखण्याला एक जुना शब्द आहे : ‘बाहेरचं’. सून बोलेनाशी झाली, बाहेरचं आहे. पोरगा रात्री दचकून उठतो, बाहेरचं आहे. अंगात यायला लागलं, मग तर शंकाच नको. देवऋषी लिंबू उतरवतो, घरचे दक्षिणा ठेवतात.

तीच सून समुपदेशकाकडे आली की काय होतं? प्रश्नावली भरून घेतात, गुणांची बेरीज होते, ‘अँग्झायटी’ असं नाव मिळतं, श्वासाचा व्यायाम आणि पुढची तारीख मिळते. व्यायाम चांगलाच आहे, गरज असेल तिथे औषध तर घ्यायलाच हवं. पण अंगात येतं तेव्हा ती काय बोलते? कुणावर ओरडते? एरवी सासऱ्यासमोर मान वर न करणारी बाई त्या घटकेला कुणाचा हिशेब मागते? हे विचारायचं राहूनच जातं. देवऋषीने दुखणं घराबाहेर ढकललं, आपण ते कागदावर ढकललं. आत डोकावलं कुणीच नाही.

आत डोकावण्याची विद्या आहे : मनोविश्लेषण. फ्रॉइड, युंग यांनी ती मांडली आणि ती आपल्यालाही परकी नाही. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कोलकात्यात इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी स्थापन केली. मनोविश्लेषक सुधीर कक्कर राजस्थानात मेहंदीपूरच्या बालाजी मंदिरात गेले, भूतबाधा झाली म्हणून तिथे आणलेल्या माणसांचं ऐकलं आणि त्यावर १९८२ साली पुस्तक लिहिलं. नेणिवेत दडपलेलं दुःख कधी स्वप्नातून, कधी देहातून, कधी देवीच्या आवाजातून बोलतं, हे या विद्येचं सांगणं. आपल्या भागातल्या थेरपिस्टला याहून उपयोगाचं दुसरं काय असेल?

कारण इथलं दुःख उथळ नाही. जावळी-पाटणची माणसं माथाडी म्हणून मुंबईला गेली. खानापूर-आटपाडीची सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांनी पिढ्यानपिढ्या मुलं फौजेत पाठवली. मनीऑर्डर वेळेवर आली, बाप आला नाही. त्या न आलेल्या बापाची वाट पाहत मोठी झालेली पोरं आज चाळिशीत आहेत, आणि आपल्या छातीत धडधड का होते हे त्यांना कळत नाही. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, ब्रह्मनाळला पुरात बोट उलटली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. पंचनामा घराचा झाला, मनाचा कुणी केला?

आता थेरपिस्टांच्या शिक्षणाकडे वळू. डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट जमवावे लागतात. थेरपीच्या क्षेत्रातही सतत शिकण्याचा अर्थ बहुतेक वेळा तोच होऊन बसतो : हॉल, स्लाइड, जेवण, प्रमाणपत्र. किंवा शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स. माहिती वाढते, कान तयार होत नाही. हजेरीपटावरची सही म्हणजे शिक्षण नव्हे.

मनोविश्लेषकांनी हे फार लवकर ओळखलं. १९२० साली बर्लिनमध्ये त्यांनी चिकित्सालय उघडलं आणि तिथेच शिक्षणाची घडी बसली ती तीन पायांवर : वाचन, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली केलेल्या केसेस आणि स्वतःच्या मनाचं विश्लेषण. दुसऱ्याचं मन उघडणाऱ्याने आधी स्वतःचं उघडलं पाहिजे, हा आग्रह युंगचा. फ्रॉइडने तो मान्य केला. आपण एक पाय ठेवला, वाचनाचा. उरलेले दोन खर्चिक, वेळखाऊ आणि अवघड, म्हणून सोडून दिले.

त्याची किंमत पेशंट मोजतो. समजा, समुपदेशक सात वर्षांचा असताना त्याचा स्वतःचा बाप मुंबईला होता. समोरची बाई सांगते, नवरा सहा-सहा महिने घरी फिरकत नाही. समुपदेशकाला त्या नवऱ्याचा संताप येतो आणि तो घाईघाईने सल्ला देतो, सोडून दे त्याला. हा संताप कुणाचा? बाईचा, की सात वर्षांच्या त्या मुलाचा? स्वतःचं मन न तपासलेल्या माणसाला हे कळणार नाही. त्याच्या सल्ल्यावर मात्र एक संसार उभा राहील किंवा मोडेल. म्हणून हे शिक्षण हौसेचं नाही, पेशंटच्या सुरक्षिततेचं आहे.

त्यासाठी सगळ्यांनी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. लंडनमध्ये मायकेल बालिंट या मनोविश्लेषकाने १९५० च्या दशकात साध्या फॅमिली डॉक्टरांचे गट बसवले. ठरावीक दिवशी जमायचं. एकाने एक केस सांगायची, कागद न वाचता. बाकीच्यांनी विचारायचं : या पेशंटसमोर तुला काय वाटलं? कंटाळा, कीव, भीती, राग, जे वाटलं ते. एवढंच, पण वर्षानुवर्षं. बालिंट गट आज जगभर चालतात. खर्च एका खोलीचा आणि चहाचा.

मिरजेला आपण वैद्यकीय पंढरी म्हणतो. मिरज, सांगली, कराड, सातारा, चारही ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. एक खोली मिळणार नाही? आणि बोलणं मराठीत हवं. ‘काळजात कालवाकालव होते’ याचं इंग्रजी करून केस मांडली, की कालवाकालव गळून पडते आणि नुसतं लक्षण उरतं. समोरच्या बाईने स्वप्न मराठीत पाहिलं आहे, ते मराठीतच ऐकायला हवं.

नरेंद्र दाभोलकर सांगलीच्या विलिंग्डनमध्ये शिकले, मिरजेत डॉक्टर झाले आणि साताऱ्यात त्यांनी आयुष्य काढलं. अंगात येणाऱ्याची थट्टा करू नका, त्याचं मन समजून घ्या, हा विचार त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने याच मातीत रुजवला. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. कायद्याने मांत्रिकाचा हात धरला. पण मांत्रिकाच्या दारातून परत फिरलेल्या बाईचं ऐकणार कोण, हे कायदा ठरवू शकत नाही. ते आपल्या थेरपिस्टांनी ठरवायचं आहे.

दोन्ही जिल्ह्यांतल्या मानसोपचारतज्ज्ञांना, मानसशास्त्रज्ञांना, शाळांतल्या समुपदेशकांना माझी विनंती आहे : महिन्याचा एक रविवार बाजूला काढा. सहा-आठ जण जमा. पेशंटचं नाव-गाव झाकून एक केस मांडा आणि त्या केसमध्ये स्वतःला शोधा. जमलं तर वर्षातून दोनदा एखाद्या अनुभवी विश्लेषकाला बोलवा.

आणि वाचकहो, थेरपिस्टकडे जाल तेव्हा भिंतीवरची प्रमाणपत्रं मोजू नका. एकच प्रश्न विचारा : ‘तुम्ही तुमच्या केसेस कुणाशी बोलता?’ हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.