कालवांचे बूट

मुलांच्या विनोदी कवितेत समुद्रातले प्राणी आले की पंचाईत होते ती चित्रकाराची. कवी एका ओळीत कालवांना धावायला लावतो आणि मोकळा होतो. त्यांना पाय काढायचे कुणी, आणि कुठे?

लुईस कॅरलच्या 'द वॉलरस अँड द कार्पेंटर' या कवितेत हे काम जॉन टेनियलकडे आलं. टेनियल 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार. ही कविता ज्यात आहे ते 'थ्रू द लुकिंग-ग्लास' बाजारात आलं १८७१ साली. चित्रांबाबत भारी काटेकोर असलेल्या कॅरलने इथे मात्र त्याला विचारलं, वॉलरसच्या जोडीला कोण हवं? सुतार, फुलपाखरू की सरदार? तिघांचीही इंग्रजी नावं वृत्तात बसत होती. टेनियलने सुतार घेतला आणि त्याच्या डोक्यावर कागदाची चौकोनी टोपी चढवली. कालवांवर ताव मारणारं फुलपाखरू आपल्या नशिबी नव्हतं.

वॉलरस गोड बोलून कालवांना किनाऱ्यावर फिरायला बोलावतो. तोंडं धुऊन, बूट पुसून पोरंसोरं निघतात. सगळ्यात म्हातारं कालव तेवढं मान हलवून नकार देतं. पुढे पाव, मिरपूड आणि व्हिनेगर निघतं, तेव्हा या सहलीचा अर्थ कळतो. वॉलरस रुमाल डोळ्यांना लावून हुंदके देतो आणि त्याच रुमालाआडून मोठी मोठी कालवं निवडतो. मुलं यावर खुशाल हसतात. हळहळतात ती मोठी माणसं, तीही कालवांचं सुकं चापून झाल्यावर.

टेनियलने कालवांच्या शिंपल्यांखाली बारीक पाय काढले आणि पायांत बूट घातले. शुद्ध वेडेपणा, असं वाटतं. पण खरं कालव पाहा. जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे ते पाण्यात तरंगतं. मग त्याला एक पाय फुटतो. त्या पायाने ते खडक चाचपत हिंडतं, जागा पसंत पडली की सिमेंटसारखा चिकटा सोडून तिथे कायमचं बसतं. मग पायही विरून जातो. आपल्याकडे ओहोटीला खडकावर बसून लोखंडी टोकाने शिंपला उचकटणाऱ्या बायकांना विचारा, ते किती घट्ट बसतं ते.

म्हणजे टेनियलचा हिशेब चुकला तो फक्त एका बुटाने. तरण्यांनी फिरायला जावं आणि म्हाताऱ्याने जागा सोडू नये, हेही निसर्गाला धरूनच. त्या वृद्ध कालवाच्या दूरदृष्टीचं कौतुक करताना एवढं ध्यानात ठेवावं की त्याला पायच उरला नव्हता. थोरामोठ्यांच्या शहाणपणात असा गुडघ्यांचा वाटा बराच असतो. गच्चीवरच्या कोजागरीला 'आता जागरणं नकोत' असं मीही हल्ली फार समजूतदारपणे सांगतो. लिफ्ट बंद असते, हे कुणाला सांगत नाही.