ब गटाचा भात

तुम्हाला म्हणून सांगतो, मी राष्ट्रीय सेवा योजनेत गेलो तो देशसेवेसाठी नव्हे, वाढीव गुणांसाठी. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 ला, 37 विद्यापीठांत ही योजना सुरू करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माझ्यासारखा स्वयंसेवक नक्कीच नसणार. दोन वर्षांत 240 तास सेवा आणि वर सात दिवसांचं शिबिर, एवढा सौदा मला परवडण्यासारखा वाटला.

शिबिर तिरोडा तालुक्यातल्या एका गावी, ऐन थंडीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. सरांनी चिठ्ठ्या टाकून अ आणि ब गट पाडले, मी ब मध्ये आलो. गंमत बघा, ज्या पोरांनी गोंदियाच्या पॅसेंजरमध्ये मला कधी टेकायलाही जागा दिली नव्हती, ती निव्वळ त्या चिठ्ठीच्या जोरावर स्वतःची सतरंजी मला देऊ लागली!

नाल्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरायची, तोंडं शिवायची, थरावर थर रचून पाणी अडवायचं. मी पोतं गच्च भरलं, ते उचलेना म्हणून ओढलं, ओढलं तर फाटलं, सांडलेल्या वाळूवरून एकाचा पाय घसरला आणि त्याला सावरायला धावलो तो मी थेट नाल्यात. कॉलेजात एवढ्यावर जन्माचं टोपणनाव पडलं असतं. इथे गटप्रमुख हळूच म्हणाला, "भाऊ, तू नुसते पोते मोजत जा ना." मी मोजले. आकडा चुकला.

मग स्वयंपाकाची पाळी. धानाच्या जिल्ह्यातला म्हणून भात माझ्याकडे. आईचं 'तांदळावर बोटाच्या पेराएवढं पाणी' आठवत होतं, पण ते घरच्या पातेल्याचं गणित. अख्ख्या शिबिराच्या गंजाला मी अंदाजाने कोपराचं माप लावलं. भात वाटीने प्यावा लागला. ब गटातल्या एकानेही तोंड वाकडं केलं नाही, उलट अ गटवाले हसले तेव्हा आमची पोरं ठणकावून म्हणाली, "थंडी आहे, मुद्दाम पेज केली!"

मला भरून आलं. त्या भरात पहाटे अ गटाने चुलीवर तापवलेलं अंघोळीचं पाणी मी गुपचूप उचललं आणि आमच्या पोरांना बादली-बादली वाटलं. दोन्ही गटांच्या छातीवर योजनेचा कोणार्कच्या चाकाचा बिल्ला एकच होता, पण पहाटेच्या अंधारात बिल्ला कुठे दिसतो!

भांडण सरांपर्यंत गेलं. त्यांनी नव्याने चिठ्ठ्या टाकल्या आणि मी अ गटात गेलो. त्या भल्या पोरांनी मला शेकोटीजवळ जागा दिली, गुळाचा चहा दिला, पाण्याचा विषयसुद्धा काढला नाही. दुपारी जेवताना ब गटाच्या त्या पेजेची टिंगल सुरू झाली आणि सगळ्यांत मोठा आवाज, अगदी बारीकसारीक तपशिलासकट, माझाच. "असा भात करणाऱ्याला त्याच गंजात बुडवला पाहिजे," असंही मी म्हणालो.

टाळ्या पडल्या.