सर्जाचं डोकं आणि सहा आकडे

जाग्या जनावराच्या मेंदूचं चित्र काढायचं तर ते डोकं हलवतं. भूल द्यावी, तर मेंदूतला रक्तपुरवठाच बदलतो, आणि एफएमआरआय तर त्या रक्तपुरवठ्यावरूनच मेंदूचा कोणता भाग कामाला लागलाय ते ताडतं. हे सगळं मी पोळ्याच्या दिवशी भोकरदन तालुक्यातल्या ताईच्या गावी, गोठ्यापुढे उभा राहून दाजींना सांगितलं. दाजी त्यांच्या सर्जा बैलाची शिंगं रंगवायला निघाले होते. त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. पण मी जालन्याला भौतिकशास्त्र शिकवतो. न विचारता सांगायची सवय पगारातच येते.

"अमेरिकेत एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स आहेत," मी म्हणालो. "२०१२ साली त्यांनी स्वतःच्या कॅली नावाच्या कुत्रीला हनुवटी टेकवून त्या यंत्रात गप पडायला शिकवलं. बांधलं नाही, भूल दिली नाही. नुसता खाऊ आणि सराव."

"तिला शिंगं होती का?"

हा प्रश्न मी ऐकून न ऐकल्यासारखा केला आणि दाजींच्या हातातला ब्रश घेतला. "डोकं थोडं हललं तरी बिघडत नाही, दाजी. संगणक प्रत्येक चित्र पहिल्या चित्राशी ताडून बघतो. डोकं तीन दिशांनी किती सरकलं आणि तीन अक्षांभोवती किती फिरलं, असे सहा आकडे काढतो आणि चित्र तेवढंच उलटं फिरवतो. हलू द्या त्याला, मी हिशेबात घेईन."

मी ब्रश उचलला. सर्जानं मान झटकली. लाल ऑइलपेंट त्याच्या डाव्या कानावर. ब्रश खाली घेतला की सर्जा साधुपुरुष. वर नेला की झटका. प्रयोगशाळेत सगळ्यांत वाईट म्हणतात ते हेच. घास दाखवल्याबरोबर माकडानं डोकं हलवलं, तर ती हालचाल आणि मेंदूचं काम एकाच वेळी येतं, आणि खरं कुठलं ते वेगळं काढणं फार अवघड जातं. त्या हिशेबानं सर्जाच्या मेंदूत ऑइलपेंटचं स्वतंत्र केंद्र असल्याचा शोध मी एव्हाना लावून बसलो असतो.

मग तो शांत झाला. मान स्थिर. मी पुढे सरसावलो आणि त्यानं रवंथ सुरू केला. इथे सहा आकड्यांचा पायाच खचतो. सगळं डोकं दगडासारखं एकसंध हलतं, असं ते धरून चालतात. पण नुसता जबडा हलला तरी आसपासचं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कवटी जागची हलली नसतानाही चित्र वाकडं होतं. माकडांवर काम करणारे या जबड्यापायी टेकीला येतात. शेवटी फार बिघडलेली चित्रं ते सरळ वगळतात. मीही रॉकेलच्या बोळ्यानं बिघडलेला भाग वगळायला गेलो. सर्जाला वास आला. डबा उडाला आणि माझा पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत सणासुदीचा झाला.

आवाज ऐकून दाजींचे वडील बाहेर आले. आबांनी दावं आवळलं नाही, वेसणीला हात लावला नाही. सर्जाच्या गळ्याखालची पोळी बोटांनी खाजवत राहिले. सर्जानं डोळे अर्धे मिटले, मान लांब केली, रवंथही थांबवला. आबांनी दुसऱ्या हातानं दोन्ही शिंगं बुडापासून टोकापर्यंत रंगवली.

"आबा, बर्न्ससुद्धा हेच करतात! जनावराला राजी करायचं, धरायचं नाही."

"असंल," आबा म्हणाले. "त्याच्याकडं पण पोळ्याला मेव्हणा येतो का?"

ताईनं पुरणपोळी वाढली ती ओसरीवर, बाकीच्यांपासून लांब, कारण रॉकेलचा वास. संध्याकाळी मिरवणुकीत वेशीपाशी एकानं विचारलंच, की सर्जाचा कान काहून लाल?

दाजी झूल सारखी करत म्हणाले, "तो हिशेबात घेतलेला आहे."