उचकी

जुनी गाडी घ्यायला गेलेला माणूस टायर दाबून बघतो, दार दोनदा उघडून लावतो, आणि आपल्याला यातलं काही कळत नाही हे कुणाला कळू नये म्हणून बॉनेटमध्ये वाकून "हं" म्हणतो. मीही मार्चमध्ये वाईला एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या अंगणात उभा राहून असंच "हं" म्हणालो होतो. गाडी २०११ ची, पेट्रोलची, चार सिलिंडरांची. इंजिन इतकं लख्ख होतं की केळीचं पान न मांडता त्याच्यावर वरणभात वाढून घ्यावा. जुन्या गाड्यांच्या बाजारात बहुतेक सगळ्या गाड्या डॉक्टरांच्या असतात आणि त्या घर ते दवाखाना यापलीकडे कधी गेलेल्या नसतात. ही मास्तरांची निघाली याचंच मला अप्रूप. छत्तीस वर्षं शाळेत काढलेल्या गुरुजींनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, पण बोटं लगेच उचलली नाहीत. "गुणी आहे," ते म्हणाले. "अधूनमधून अडखळते जरा, पण आपली आपण सावरते." प्रगतिपुस्तकावर सगळ्यांसाठी हाच शेरा लिहीत असतील, असं वाटून मी तो मनावर घेतला नाही.

जूनच्या मध्यावर यवतेश्वराच्या घाटात तो शेरा खरा झाला. पाऊस भुरभुरत होता, ढग खाली उतरून रस्त्याच्या मधोमध गुरांसारखे बसले होते, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढत होती, आणि अचानक तिला उचकी लागली. झटका म्हणावा इतकी मोठी नाही, दुर्लक्ष करावं इतकी लहान नाही. एक, दोन, मग जरा थांबून तिसरी. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकला. वर सपाटी आली, उचकी थांबली, आणि मघाची ती मी नव्हेच अशा चेहऱ्यानं गाडी कासच्या दिशेनं निघाली. "गुरुजी आठवण काढत असतील," बायको म्हणाली. आपल्याकडे उचकीचं निदान असंच चालतं. एकेकाचं नाव घ्यायचं. ज्या नावाला उचकी थांबेल त्यानं आठवण काढली. माझी आजी आधी माहेरची माणसं वयाच्या क्रमानं घ्यायची, मग सासरची, आणि सासूचं नाव येण्याआधी घाईघाईनं तांब्याभर पाणी पिऊन टाकायची. काही निदानं न झालेली बरी, हे तिला वैद्यकशास्त्र न शिकता कळलेलं होतं.

पुढचा आठवडाभर मी गाडीपुढं बसून हेच केलं. फक्त नावं वेगळी होती. पहिलं नाव शेजाऱ्यांनी सुचवलं, पेट्रोलमधलं पाणी. मेहुण्यानं इथेनॉलचं घेतलं. कचेरीतल्या एका सहकाऱ्यानं, ज्याच्याकडे सायकलही नाही, ठामपणे पंपाचं घेतलं. कुणी फिल्टर म्हणालं, कुणी बॅटरीची तार, आणि गाडीपुढचं लिंबू-मिरची शिळं झालंय असंही एका मावशींनी निदर्शनास आणलं. मी सगळ्यांचा मान राखला, लिंबाचाही. दर नावाला गाडी दिवसभर गप्प बसायची, आम्हाला वाटायचं सापडलं, आणि पुढच्या ओल्या सकाळी चढावर ती पुन्हा कुणाची तरी आठवण येऊन उचकायची.

शेवटी गोडोलीकडच्या एका पत्र्याच्या गॅरेजात मिस्त्रींपुढं हजर झालो. गॅरेजच्या बोलीत या दुखण्याला 'मिसिंग' म्हणतात. "गाडी मिसिंग करते," असं मी सांगितलं आणि मला भाची आठवली. ती परदेशातून फोनवर "मामा, मी तुला मिस करते" म्हणते, तेव्हा तिच्याही आवाजात एक सिलिंडर कमी चालत असतो. मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. दवाखान्याची पायरी चढताच दाढ ठणकायची थांबते, तशी गाडी चालली. "आत्ता तर गुमान चाललीय," ते म्हणाले. "करती कधी?" मी म्हणालो, अधूनमधून. "अधूनमधून म्हंजी कधी? काय तरी निमित्त असल्याबिगर करायची न्हाई ती." त्यांच्या हाताखालच्या पोरानं मोबाइलएवढं यंत्र आणून स्टिअरिंगखाली जोडलं. पडद्यावर उमटलं, पी ०३००. यातला शेवटचा आकडा सिलिंडरचा, पोरानं समजावलं. ०३०१ म्हणजे पहिला चुकतोय, ०३०४ म्हणजे चौथा. आणि ०३००? म्हणजे कुणीतरी, कधीतरी. पंचनाम्यात 'अज्ञात इसम' लिहितात, त्यातला प्रकार.

एक युक्ती असते, मिस्त्री म्हणाले. एका सिलिंडरवरची ठिणगी पुरवणारी कॉइल काढून दुसऱ्यावर बसवायची. दुखणं कॉइलबरोबर हललं तर दोष कॉइलचा, जागेवर राहिलं तर जागेचा. वर्गात बोलणारी दोन पोरं उठवून वेगवेगळ्या बाकांवर बसवतात, तशीच ही युक्ती. पण सगळा वर्गच हाताची घडी घालून बसला असेल तर कुणाला उठवायचं? "नुसतं टाळू नका मात्र," त्यांनी बजावलं. न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर पुढं जातं, धूर स्वच्छ करणाऱ्या जाळीत जाऊन पेटतं, आणि ती जाळी जळाली की खर्चाचा आकडा ऐकून मालकाला उचकी लागते. मग त्यांनी तेलकट हातांनी मला औषध लिहून द्यावं तसं सांगितलं, "वही घाला. तारीख, वेळ, पाऊस का ऊन, चढ का सपाट, गिअर कंचा."

वही घालण्याआधी मी इंजिनाबद्दल थोडं वाचलं. निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थानं १८७६ साली चार टप्प्यांचं इंजिन चालवून दाखवलं, त्याच घराण्यातलं हे. हवा आणि पेट्रोल आत ओढायचं, दाबून धरायचं, पेटवायचं, धूर सोडायचा. पूरक, कुंभक, रेचक आपल्याकडे केव्हापासूनचं होतं. मधे काडी लावायची तेवढं कुणाच्या डोक्यात आलं नाही. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे गाडी दारात नुसती उभी असते, इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असतं, तेव्हाही चौघांत मिळून १६०० स्फोट होतात. आणि घाटात ३००० फेऱ्यांना सेकंदाला १००. बहुतेक चार सिलिंडरांच्या गाड्यांत क्रमही ठरलेला असतो, एक-तीन-चार-दोन. पंगतीतला वाढपी आपल्याकडे कधीच सरळ ओळीनं येत नाही, तसा. सेकंदाला शंभर पानं वाढली जाताना त्यातलं एखादं रिकामं राहिलं तर कुणाला पत्ता लागू नये. पण लागतो. भाताचे हजार दाणे जीभ न मोजता गिळते, आणि एका खड्याला अख्खं तोंड थांबतं. माणसाचं लक्ष बहुधा असंच घडवलेलं आहे. जे नीट चाललंय त्याचा आवाज त्याला ऐकूच येत नाही.

वही दोनशे पानी आणली. '१४ जून. यवतेश्वर. भुरभुर. तिसरा गिअर. तीन उचक्या' ही आठवून केलेली पहिली नोंद. '२२ जून. पुणे रस्ता. कोरडं. काही नाही.' '३ जुलै. खंबाटकी. रात्रभर पाऊस. नऊ.' '९ जुलै. बाजार. धो धो पाऊस, पण सपाट. काही नाही.' रोज रात्री जेवणानंतर मी वहीत वाकलेला असायचो. एकदा बायकोनं खांद्यावरून वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "माझी अर्धशिशी वीस वर्षांची आहे. तिची वही कुठल्या कपाटात ठेवलीय हो तुम्ही?" मी त्याच रात्री वही उलटी करून मागच्या पानापासून दुसरी नोंद सुरू केली. पहिल्या चार नोंदींत तीनदा रविवार आला. रविवारी मी दिवसभर घरी असतो. आजीचं स्मरण करून मी ते संशोधन पुढं नेलं नाही. फक्त रविवारी सकाळचा रेडिओ बंद ठेवू लागलो. पुढच्या रविवारी मागच्या पानावर लिहायला काही नव्हतं. वीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं, आणि एका जुन्या गाडीपायी सुचलं, हे मी तिला सांगितलं नाही. तिनं ते ओळखलं असणार.

ऑगस्टमध्ये वही घेऊन मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बोट फिरवत चार पानं वाचली आणि म्हणाले, "सापडली की." नुसत्या ओलीला ती उचकत नव्हती आणि नुसत्या चढालाही नाही, दोन्ही एकत्र आले की उचकत होती. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइल नावाची मुठीत मावणारी वस्तू २०-२५ हजारांवर नेते, आणि एवढं बळ कशाला, तर प्लगच्या टोकाशी असलेली जेमतेम १ मिलिमीटरची फट ओलांडायला. चढावर सिलिंडरात दाब वाढतो, दाबलेल्या हवेतून उडी मारायला ठिणगीला जास्त जोर लागतो, आणि त्याच वेळी बाजूला एखादी ओली, सोपी वाट दिसली तर वीज उडी न मारता त्या वाटेनं निघून जाते. वीज काही तत्त्वनिष्ठ नसते. आमच्या घरातल्या लहरी बाईचं निदान झाल्यावर कळलं की ती लहरी नव्हतीच. तिच्या 'अधूनमधून'ला नेमके नियम होते, ते विचारायचे राहिले होते.

खात्री करायला मिस्त्रींनी संध्याकाळी शटर अर्धं ओढलं, दिवे मालवले आणि गाडी चालू ठेवून न्हाव्याकडे असते तसली पिचकारी काढली. अंधारात वाकलेली आम्ही तीन माणसं. पहिल्या कॉइलवर फवारा गेला, काही नाही. दुसरीवर किंचित चुकचुक. तिसरीवर गेला आणि तिच्या मुळाशी केसाएवढी निळी रेघ थरथरली, टिक टिक असा आवाज आला, आणि गाडी उचकली. इतक्या दिवसांत आज प्रथमच तिनं परक्यासमोर तोंड उघडलं होतं. मला कारण नसताना लाजल्यासारखं झालं.

दिवे लागले. कॉइल उपसून मिस्त्रींनी रबराची नळी माझ्यापुढं धरली. आतून एक बारीक काळी रेघ उतरली होती, पेन्सिलीनं मारल्यासारखी. वीज पुन्हापुन्हा एकाच चोरवाटेनं गेली की कार्बनची अशी पायवाट पडते. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर तीच रेघ पुढं गेली होती. प्लग खोल विहिरीत बसवलेला असतो, आणि या विहिरीच्या काठाला गंज चढलेला होता. दुसऱ्या विहिरीतही थोडी ओल होती. यंत्र 'अज्ञात इसम' का म्हणालं ते कळलं. "पाइप लावून इंजिन धुतलंय कुणीतरी, लई वर्सं," मिस्त्री म्हणाले, आणि चिमट्यानं विहिरीच्या कडेला चिकटलेलं काहीतरी सोडवून माझ्या तळहातावर ठेवलं. झेंडूची पाकळी होती. वाळून तपकिरी झालेली, पण कडेला अजून केशरी धागा राहिलेली.

कॉइल बदलली, चारही प्लग बदलले. निघताना मिस्त्री म्हणाले, "पूजा करा, पर फडक्यानं." घरी येऊन मी वाईला फोन लावला. काय बोलायचं ते ठरलेलं होतं. पाणी, गंज आणि खर्च, या क्रमानं. मी नाव सांगण्याआधीच पलीकडून प्रश्न आला, "कशी आहे?" माझी चौकशी नव्हती ती. मी म्हणालो, उत्तम आहे. गुरुजी खुलले. "दसऱ्याला आतून न्हाऊ घालत जा तिला. मी बारा वर्षं घातलं. बाहेरून कुणीही धुतं हो. बॉनेट उघडून, पाइप लावून, एकेक कोपरा. मग हळदकुंकू आणि झेंडू. आमच्या हिनं घातलेला नेम. ती गेल्यावर मी चालवला." माझ्या वाक्यातलं पाणी तिथंच आटलं, गंज आणि खर्चही. पाकळी वहीत, शेवटच्या नोंदीपाशी ठेवून मी वही मिटली. उचकी कुणाच्या नावाला थांबली हे बायकोनं पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं, फुकट.

दसऱ्याच्या सकाळी मी बॉनेट उघडलं. कोरड्या फडक्यानं इंजिन पुसलं, कॉइलपासून हातभर लांबची जागा बघून कुंकवाचं बोट टेकवलं, आणि झेंडूची माळ आत न घालता पुढच्या जाळीला बांधली. गाडी चालू केली. मिनिटाला १६०० ठिणग्या, एकीचं पान रिकामं नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"घातलं का न्हाऊ? आतून?"

"हो... घातलं की," मी म्हणालो, आणि 'हो' नंतर माझा एक ठोका चुकला.

पलीकडे क्षणभर शांतता होती. मागच्या बाकावरची कुजबुज छत्तीस वर्षं ऐकलेला कान होता तो. मग गुरुजी म्हणाले, "असू दे. अधूनमधून होतं तसं."