खापरवाले सर

आमच्या सोसायटीतले सर लग्नाला आले की नवरा-नवरीकडे बघत नाहीत, मांडवाचे खांब रोवायला काढलेल्या खड्ड्यांकडे बघतात. "मांडव उठला की मागे एवढंच राहणार," असं एकदा ते नवरीच्या आईलाच सांगून बसले. बाई बिचारी पाठवणीच्या आधीच रडायला लागली.

सर पुरातत्त्वज्ञ. शिक्षण डेक्कन कॉलेजचं आणि अंगावरची पहिली धूळ इनामगावची. घोडनदीकाठच्या त्या पांढरीवर 1968 ते 1983 असं खोदकाम चाललं, त्यातल्या शेवटच्या हंगामांत सर विद्यार्थी होते. तिथं सव्वाशेच्या वर घरं निघाली, चुली निघाल्या, धान्याची पेवं निघाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली तान्ही मुलं निघाली. आणि तो चार पायांचा मातीचा रांजण, ज्यात एक पुरुष मांडी घालून बसवलेला! सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकरांच्या तालमीतलं ते काम. रांजणाची गोष्ट सांगताना सर स्वतः सोफ्यावर पाय दुमडून बसतात. समोरच्याचा चहा निवतो.

पुढे सरांना स्वतःचं एक टेकाड मिळालं. तिथं त्यांना एक खड्डा सापडला.

गावकरी रोज येऊन विचारत, "सायेब, सोनं घावलं का?" सर म्हणत, "त्याहून भारी!" आणि खापरीचा नखाएवढा तुकडा पुढं करत. तांबड्यावर काळी रेघ, जोर्वे संस्कृतीची. गावकरी तो उलटासुलटा करून बघत, 'शिकल्याला माणूस, पण...' अशा नजरेनं परत देत आणि उद्या पुन्हा सोन्याची चौकशी करत. खरं तर जमिनीची जाण सरांपेक्षा त्यांच्या मुकादमाला जास्त. कुदळीचा आवाज बदलला की तो नुसतं म्हणायचा, "सर, हितं माती पोकळ लागतीया." तो खड्डाही त्यालाच 'लागला'. शोधनिबंधात मात्र तो सरांना सापडला.

त्या खड्ड्यावर सरांची सगळी कारकीर्द उभी आहे. पहिल्या निबंधात तो धान्याचं पेव होता. 'बहुधा' पेव. सरांचं कुठलंही वाक्य बहुधाशिवाय पुरं होत नाही. जेवलात का म्हटलं तरी 'बहुधा' म्हणतात. मग दुसऱ्या एका विद्वानाने तो कचऱ्याचा खड्डा ठरवला. सरांनी उत्तर दिलं, त्याने प्रत्युत्तर दिलं, तिसऱ्याने दोघांनाही मोडीत काढून तिथं भट्टी पेटवली. शेवटी सरांच्याच एका विद्यार्थिनीने मातीचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली घालून दाखवून दिलं की ते घुशीचं बीळ आहे. तिला डॉक्टरेट मिळाली. मार्गदर्शक सरच होते. त्यांना कोण, कुठं, किती वेळा उद्धृत करतं याची ते वहीत नोंद ठेवतात. त्यातल्या निम्म्याहून जास्त नोंदी त्यांना खोडून काढणाऱ्यांच्या आहेत. "पण नाव तर घ्यावं लागतं ना!" म्हणून हसतात.

त्यांना सलतं ते वेगळंच. 1974 साली दायमाबादला एका शेतकऱ्याने झाडाचं मूळ उपटायला खणलं आणि काशाचे हत्ती, गेंडा, रेडा नि बैलांचा रथ बाहेर काढला. चारही मिळून साठ किलोंच्या वर. ना चर आखला, ना थर मोजले! "आणि म्हणूनच," सर बोट नाचवतात, "काळावरून भांडणं झाली." या भांडणात मूळ उपटणाऱ्याचं काही बिघडलं नाही, हे त्यांना फार लागतं.

घरी काकूंचा संसार थरांखाली दबलाय. बाथरूममध्ये खापरं भिजत, दातांच्या ब्रशने घासली जात, गॅलरीत वाळत, प्रत्येकावर काळ्या शाईने बारीक आकडे. पाहुण्यांना दात घासायचा ब्रश देताना काकू तो आधी वास घेऊन बघतात. परवा त्यांच्या हातून दह्याचं मडकं फुटलं, तर सरांनी तुकडे उचलू दिले नाहीत. शेजारी पट्टी ठेवली, उत्तर दिशा बघितली, फोटो काढला. दही तोवर कपाटाखाली गेलं होतं.

इनामगावचा जाडजूड अहवाल खोदकाम संपल्यावर पाच वर्षांत, 1988 ला छापून आला. हे वाक्य सरांसमोर काढू नये. त्यांचा अहवाल 'शेवटच्या टप्प्यात' आहे. तो टप्पा सुरू झाला तेव्हा त्यांची मुलगी पाचवीत होती. आता तिची मुलगी पाचवीत आहे.

गेल्या आठवड्यात ड्रेनेजसाठी फाटकापाशी जेसीबी लागला. सर पायजम्यावरच खाली उतरले. ड्रायव्हरला हात करून थांबवलं, चरात उतरले, खिशातल्या खुरपीने कड तासली आणि आम्हाला हाका मारल्या. "वर पेव्हर ब्लॉक, त्याखाली डांबर, पुन्हा डांबर, मग विटांचा चुरा... आणि हे बघा, इथं माती मऊ आहे, रंग वेगळा. खड्डा! बहुधा..."

तिसऱ्या मजल्यावरून काकूंचा आवाज आला, "अहो, घूस आहे का बघा आधी!"