जितकी सूट, तितकी चूक माफ

एडिसन, न्यू जर्सी
फेब्रुवारी अखेर

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

इकडे पारा शून्याखाली आहे, रस्त्याकडेला बर्फाचे ढीग आहेत आणि दुकानांच्या दर्शनी भागात पोहण्याचे कपडे टांगलेले आहेत. दुकानदारांची डोकी थंडीने बधिरली असं समजू नका. त्यांचं पंचांगच वेगळं आहे. ऑगस्टमध्ये घामाच्या धारा लागलेल्या असताना इथे जाड कोट दुकानात येतात आणि जानेवारीत त्यांना हुसकावून उन्हाळी चड्ड्या जागा पटकावतात. इथल्या बऱ्याच मोठ्या दुकानांचं आर्थिक वर्ष जानेवारीच्या शेवटाला संपतं. मालाची मोजदाद होते आणि न खपलेला कोट हिशेबातही खुपतो, दांडीवरही जागा अडवतो. म्हणून फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी येते, त्या सुमारास कोटांचे भाव निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतात. थंडी मात्र मार्चपर्यंत हलत नाही. उन्हाळी कपड्यांची तीच गत: 4 जुलै उलटला की त्यांचा क्लिअरन्स सुरू, उकाडा पुढे दोन महिने. दुकानातला ऋतू आभाळातल्या ऋतूच्या आधी संपतो. आमच्या घरचं कपड्यांचं बजेट नेमकं ह्या फटीत बसवलेलं आहे.

"पुढच्या वर्षीचे कपडे आत्ताच? आपल्याकडे काय दुष्काळ पडलाय?" असं आई म्हणणार. पण आई, वर्षाचे गहू तू वैशाखात भरतेस, भाद्रपदात नाही. बाजारात पोत्यांना जागा उरत नाही तेव्हा भाव उतरतो, हे तुला कोणी शिकवावं लागलं नाही. विकणाऱ्याला घाई आणि घेणाऱ्याला सवड, असा मुहूर्त साधला की पैसे वाचतात. नोव्हेंबरात पहिलं बोचरं वारं सुटल्यावर कोट घ्यायला धावलं, की घाई आपली आणि सवड दुकानदाराची.

आता खरा आक्षेप. पोरं वाढतात, पुढच्या वर्षी कोट आखूड झाला तर? अगदी रास्त शंका, पण तिचं उत्तर हिशेबात आहे. वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल साधारणपणे वर्षाला 5 ते 6 सेंटिमीटर वाढतं. म्हणजे एक माप मोठं घेतलं की बहुतेकदा जमतं, आणि बाह्या थोड्या लांब झाल्याने आजवर कोणाची शाळा बुडालेली नाही. तरीही चुकलं असं धरा. नोव्हेंबरात 100 डॉलरला मिळणारा कोट फेब्रुवारीत 40 ला मिळाला. असे 5 घेतले, तर झाले 200. त्यातले 3 बिनकामाचे ठरले, तरी उरलेले 2 शंभर-शंभरला पडले, म्हणजे नोव्हेंबरच्याच भावात. 60 टक्के सूट असेल तर 60 टक्के अंदाज चुकले तरी पदरचं काही गेलं नाही. हाच नियम उलटा वाचला की सावध करतो. 20 टक्के सूट असेल तर पाचात एकच चूक परवडते. तेवढ्यासाठी पुढच्या वर्षीचं भविष्य कशाला वर्तवायचं? वयात येणारी मुलं एका वर्षात 8-10 सेंटिमीटर ताडमाड होतात, त्यांच्यावर पैज नको. बूट तर लहानांचेही आगाऊ घ्यायचे नाहीत. ढगळ कोट चालतो, चावरा बूट चालत नाही.

बाबा इथे चष्मा कपाळावर सरकवून विचारतील, "पण ती 100 डॉलर किंमत खरी कशावरून?" बाबा, शंका बिनतोड आहे. इथे लेबलवरची किंमत बऱ्याचदा खोडण्यासाठीच छापलेली असते. जे. सी. पेनी ह्या जुन्या दुकानसाखळीने 2012 साली कूपनं आणि खोट्या फुगवट्याचा खेळ बंद करून रोज एकच सरळ भाव ठेवला. गिऱ्हाईक सुखावण्याऐवजी पळालं. वर्षभरात विक्री सुमारे पाव हिश्श्याने घसरली, आणि 2013 च्या एप्रिलमध्ये ते धोरण आणणाऱ्या प्रमुखालाच घरी जावं लागलं. खोडलेला आकडा दिसल्याशिवाय माणसाला बचत झाल्यासारखं वाटत नाही. म्हणून सूट लेबलवरून मोजायचीच नाही. 100 चा कोट नोव्हेंबरात कूपन लावून 70 ला मिळत असेल आणि आता 30 ला असेल, तर पाटीवर 70 टक्के लिहिलेलं असलं तरी खरी सूट 57 टक्केच. चुकीची मुभाही तेवढीच. आउटलेट मॉलमध्ये तर बराचसा माल आउटलेटसाठीच शिवलेला असतो. तो दुसऱ्या कुठल्या दुकानात त्या "मूळ" किमतीला कधी टांगलेलाच नसतो, मग सूट कशाच्या मानाने धरायची?

"सणाला नवं हवं" हा आक्षेप मला सर्वांत सोपा वाटतो. नवेपण घडी मोडण्यात असतं, पावतीवरच्या तारखेत नाही. फेब्रुवारीत घेतलेल्या स्वेटरची घडी दिवाळीच्या पहाटे मोडली, तर लक्ष्मी पावती मागत नाही. अडगळीची तक्रार मात्र मान्य: लोकरीला कसर लागते, डांबरगोळ्या लागतात, आणि अमेरिकन घरातली कपाटं मोठी असली तरी सामान त्याहून मोठं असतं. पण बचत खरी बुडते ती कसरीने नव्हे, हावरेपणाने. जी वस्तू नोव्हेंबरात आपण फुकटसुद्धा घरात घेतली नसती, तिच्यावर सूट शून्य आणि खर्च पुरा. म्हणून आधी यादी, मग दुकान. यादीत माणूस, माप आणि वस्तू लिहायची. यादीबाहेरचं काही हाताला लागलं तर ते परत दांडीला. न्यू जर्सी राज्य एरवी 6.625 टक्के विक्रीकर घेतं, पण बहुतेक कपड्यांवर नाही, त्यामुळे मोहाला सरकारचंही पाठबळ आहे. आमच्या उत्तरेच्या बर्गन काउंटीत मात्र रविवारी कपडे विकायला कायद्यानेच बंदी आहे. बंदीचं मूळ धार्मिक असलं, तरी सुट्टीच्या दिवशी नवरे मंडळींच्या खिशाला ती फार मानवते.

आता कामाचं. ह्या सगळ्या हिशेबात सर्वांत बिनधोक गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही दोघं. तुमची उंची आता वाढत नाही, फॅशनशी तुमचं भांडण जुनं आहे आणि येत्या डिसेंबरात इकडे येण्याचं तुम्ही कबूल केलं आहे. तेव्हा खांद्यांची, छातीची आणि बाह्यांची मापं उलट टपाली कळवा. बाबा, पोटाचं माप खरं कळवा. तिथे चुकीला मुभा कमी आहे. आणि सांध्यांचं कारण सांगून येणं पुढे ढकलू नका. कोट क्लिअरन्समधले असल्याने परत घेत नाहीत.

तुमची लाडकी,
लेक