गेटचा शिक्का

भोसरीच्या त्या गाळ्यात दोन सीएनसी यंत्रं, एक व्हीएमसी यंत्र आणि सात माणसं आहेत. मालक एका मोठ्या कारखान्याला बुश आणि पिना पुरवतो. परवा त्याच्याकडे बसलो होतो, तर त्यानं खणातून दोनशे पानी वही काढली. एका रकान्यात चलन नंबर आणि माल गेला ती तारीख, शेजारी पैसे आले ती तारीख. मी सहा ओळींचे दिवस बोटांवर मोजले. एकाही बिलाचे पैसे 90 दिवसांच्या आत आलेले नव्हते.

"पर्चेसला फोन केला की म्हणतात, जीआरएन झालेला नाही. स्टोअरला केला की म्हणतात, क्वालिटीकडं आहे. माल लाइनवर लागला, गाडी विकलीसुद्धा गेली साहेब. कागद मात्र अजून क्वालिटीतच आहे."

या माणसाच्या बाजूनं कायदा आहे, आणि चांगला कायदा आहे. 2006 चा एमएसएमई विकास कायदा सांगतो, की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत द्यायचे. करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण करार करूनही ती मुदत 45 दिवसांपुढे नेता येत नाही. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चढणारं चक्रवाढ. बँक दर साडेपाच टक्के धरला तर हे साडेसोळा टक्के होतात. हे व्याज कंपनीला करासाठी खर्च म्हणून दाखवताही येत नाही. आणि जीआरएनची, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीची, सबब तर या कायद्यानं पहिल्याच दिवशी निकालात काढली आहे. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा दिवस. स्टोअरच्या संगणकात नोंद कधी झाली, हे कायदा विचारतच नाही.

तरीही सतरा वर्षं हा कायदा मोठ्या खरेदीदारांनी जुमानला नाही. मग 2023 च्या वित्त कायद्यानं प्राप्तिकर कायद्यात 43बी(एच) हे कलम घातलं: लघुउद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षीच तो खर्च वजा मिळेल. 2024 च्या मार्च एंडिंगला एकच धावपळ उडाली. कापड धंद्यात तीन-चार महिन्यांची उधारी रूढ. सुरतच्या व्यापाऱ्यांनी मुदतवाढीसाठी सरकारकडे धाव घेतली. कित्येक ठिकाणी छोट्या पुरवठादारांनाच सांगितलं गेलं, की उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी) रद्द करा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे जाईल. देणेकऱ्याला कायदा टोचला, तर त्यानं घेणेकऱ्याचंच संरक्षण काढून घ्यायला सांगावं! मला त्या वेळी संताप आला होता, आजही येतो.

सीएंना माहीत असलेली आणि गाळेवाल्यांना बहुधा माहीत नसलेली गोम पुढे आहे. हे कलम चावतं ते फक्त 31 मार्चला. एप्रिलमधलं बिल कंपनीनं फेब्रुवारीत दिलं, म्हणजे दहा महिने थकवलं, तरी त्याच आर्थिक वर्षात दिलं म्हणून खर्च पूर्ण मंजूर. कराचा एक रुपया वाढत नाही. तोट्यातल्या कंपनीला तर मार्चचीही भीती नाही. मग भोसरीच्या वहीत मार्चमध्ये पैसे येतात आणि एप्रिलपासून पुन्हा "पुढच्या सायकलमध्ये बघू" सुरू होतं. 2025 च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही ही तरतूद घेतली आहे. दात मात्र तेवढाच, वर्षातून एकदा लागणारा.

आता त्याच मालकावर काय बंधन आहे ते पाहा. कामगाराचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत; तो झालाच पाहिजे, त्यात दुमत नाही. बिल फाडलं की जीएसटी पुढच्याच महिन्यात सरकारजमा, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. लाख रुपयांचं बिल आणि 18 टक्के दर असेल, तर 18 हजार रुपये तो स्वतःच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातून काढून भरतो. पलीकडे कंपनी त्याच 18 हजारांचं क्रेडिट घेऊन मोकळी झालेली असते. पुरवठादाराला पैसे द्यायला तिला जीएसटी कायदा 180 दिवस देतो. म्हणजे छोट्यानं बँकेचं व्याज भरून मोठ्याला भांडवल पुरवायचं. अशी उलटी गंगा चालू ठेवून उद्योगवाढीच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही.

तक्रार का करत नाहीस, असं मी त्याला विचारलं. सुलभीकरण परिषद आहे, तक्रारीसाठी ऑनलाइन पोर्टल आहे. 90 दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, आणि निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर कंपनीला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. त्यानं वही मिटली. "तक्रार केली की व्हेंडर कोड बंद. मग या सात जणांना मी काय काम देऊ?" त्याचं उत्तर मला खोडता आलं नाही. त्याचं गिऱ्हाईक एकच आहे. बिलं वटवून आधी पैसे मिळवून देणाऱ्या टीआरईडीएस या ऑनलाइन व्यवस्थेचंही तेच. अडीचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथं नोंदणी सक्तीची केली, पण खासगी कंपनीनं छोट्याचं बिल तिथं घेतलंच पाहिजे अशी सक्ती केली नाही. दार बसवलं, कडी आतल्या बाजूला.

म्हणून माझ्या मागण्या दोनच आहेत. तक्रारीचं ओझं या माणसाच्या डोक्यावरून काढा. कुणाचे किती पैसे 45 दिवसांपुढे थकले, हे सरकारला आज माहीत आहे. 2019 पासून कंपन्यांना दर सहा महिन्यांनी एमएसएमई-1 हा फॉर्म भरावा लागतो. त्यात थकलेली रक्कम, पुरवठादाराचं नाव आणि उशिराचं कारण लिहावं लागतं. कंपनीनंच सहीनिशी दिलेला कबुलीजबाब आहे तो. तो परिषदेकडे पाठवा, परिषदेनं स्वतःहून व्याज आकारावं आणि वसूल करावं. व्हेंडर कोड बंद करायला मग कुणा तक्रारदाराचं नाव सापडणार नाही. आणि दुसरी मागणी, कराचा दंड मार्चपुरता न ठेवता 46 व्या दिवसापासून लावा.

तोवर गाळेवाल्या मित्रांना एक कळकळीचं सांगणं. उद्यम नंबर प्रत्येक बिलावर छापा. तुमचा कारखाना मध्यम गटात तर गेला नाही ना, ते तपासा. 1 एप्रिल 2025 पासून लघुची मर्यादा 25 कोटी गुंतवणूक आणि 100 कोटी उलाढाल अशी वाढली आहे, तेव्हा बरेच जण पुन्हा संरक्षणात आले असतील. निव्वळ व्यापार करणाऱ्याला हे संरक्षण नाही, तिथं उगाच भरवशावर राहू नका. आणि भोसरीच्या माझ्या मित्राच्या वहीत एक रकाना कमी आहे: माल गेल्याची तारीख त्यानं लिहिली, पोचल्याची नाही. पंधरा दिवस आणि पंचेचाळीस दिवस मोजायचे ते पोचल्याच्या तारखेपासून. चलनाच्या तुमच्या प्रतीवर गेटचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नका.